आधी वेग बांधून ठेवायचा

हॅलो?… कोण?… अगं बुटके, तू होय. हा कुणाचा नंबर?… हो, हो, सकाळी मीच केला होता. बस जरा, ऐक.

छापखान्याच्या वरची आपली खोली आठवते?… तीच, एका पंख्याची. लॅपटॉपचं झाकण मिटायचं, उघडायचं, की मशीन ढिम्म… तीन आठवडे, हो. दर उघडमिटीला तू फळ्यावर एक रेघ मारायचीस… चारशे बारा? अजून पाठ आहे तुला?

अगं सांगते ना. तेव्हा ज्यांनी ते सुटलं, त्या सरांच्या कोडमधल्या ओळी परवा मी काढून टाकल्या… हो, मीच. नव्या मंडळींचं म्हणणं, मशीन झोपवताना प्रोसेसरचा वेग आधी बांधून कशाला ठेवायचा, जुनाट आहे ते. मलाही पटलं… मग काय, काल पन्नास लॅपटॉपमधले सात उठेचनात.

कारण तेच गं. वेग बदलायचा तर व्होल्टेज बदलायला हवं, आणि ते देणारी चिप आधीच झोपलेली… बरोबर. प्रोसेसर हाका मारतोय, तिकडून ओ नाही.

मग सरांना फोन लावला. मुलीकडे असतात ते… तुला कळलं होतं?… हो, विसरतात सगळं. मी माझं नाव सांगितलं, तुझं सांगितलं… नाही. काहीच नाही. "आपण कोण?" म्हणाले. मला अहोजाहो करत होते, बुटके. जन्मभर "ए पोरी" म्हणणारा माणूस.

ठेवणारच होते फोन. उगाच म्हटलं, सर, मशीन झोपेतून उठत नाहीये… थांब ना. तर म्हणाले, "व्होल्टेज कोण देतंय? ते आधी झोपलं का?"

… हो. तोच आवाज. "झोपवण्याआधी वेग बांध. बाकीचे सगळे उठले की मगच सोड. आणि उठल्यावर वेग किती आहे ते विचारून घे, गृहीत धरू नकोस." माहीत असूनही लिहून घेतलं मी… मग? मग परत "आपण कोण?"

अगं… ए… रड, रड. मी काल रडून घेतलंय.

ओळी? घातल्या परत. आज दिवसभर उघडमीट केली, एकही अडलं नाही. वर सरांचं नाव लिहिलंय, आपण तेव्हा लिहिलंच नव्हतं.

रविवारी जाऊ या?… नाहीच ओळखणार. नाही तर नाही. आपण काहीतरी बिघडलेलं घेऊन जाऊ… तुझा तो जुना लॅपटॉप? चालतो का?… मुळीच नाही? मग तोच आण. ठेवते.