अल हैलच्या वाळूतला पैलवान

आखातातल्या अल घुब्रा येथील दवाखान्यात माझा क्रमांक यावयास अवकाश होता. समोर एक स्थूल गृहस्थ दुखावलेला उजवा खांदा सावरीत बसले होते. शेजारी त्यांची पत्नी होती. ती त्यांना एकेरीतच संबोधत होती.

“डॉक्टरांना काय सांगणार आहेस, रुचिर?”

“खरं तेच. अल हैलच्या समुद्रावर शुक्रवारची कुस्ती खेळलो.”

“पंचेचाळीस वर्षांचा ऑडिटर! तो कुस्तीचा कोरियन सिनेमा लावला, हीच माझी चूक.”

“त्यातला पोस्टमन माझ्याहून जाड होता, देविका.”

“अरे, सिनेमा विनोदी होता! तो आपटला की आपण हसायचं, शिकायचं नाही.”

“पण शेवटची कुस्ती जिंकलाच ना?”

“कुठे जिंकला? तू सोफ्यावर घोरत होतास. चीतपट झाला तो.”

“मग टाळ्या कसल्या? मी जागा झालो तो टाळ्यांनीच.”

“हरल्यावर उठून त्यानं समोरच्याचा हात वर केला, त्याच्या टाळ्या.”

“मीही उठलो होतो. ज्यानं पाडलं, त्या हुसैनमियाँचा हात वर केला. डाव्या हातानं.”

“माहीत आहे. गाडीतून बघत होते.”

“शुक्रवारची कुस्ती आता बंद, असंच म्हणणार ना?”

परिचारिकेने त्यांचे नाव पुकारले.

“ऊठ. आणि किती शुक्रवार थांबावं लागेल, तेही विचार.”