खिडकीची खोली

नाही नाही, ते कार्ड ठेवा बाजूला — ती अक्षरं तुम्हाला पाठ झालीत, त्यात डोळ्यांची कसली परीक्षा! हे घ्या. आरोग्यविम्याचा कागद आहे, माझ्याच घरचा. ह्याहून बारीक छपाई दुकानात नाही. खालून तिसरी ओळ. भिंग बदलतो — आता बरं की आधीचं? आधीचं. वाचा, मोठ्यानं. हं... 'खोलीभाडे प्रतिदिन तीन हजारांपर्यंत' — बरोबर. पुढं? 'त्याहून अधिक भाड्याची खोली घेतल्यास अन्य खर्चही त्याच प्रमाणात कमी करून' — बास. कळलं काही? मलाही नव्हतं कळलं. आणि अख्ख्या गल्लीला जवळचे चष्मे मी देतो!

मान हलवू नका. बायकोचा गुडघा बदलायचा होता. पॉलिसी साडूनं दिलेली — म्हणजे विकली त्यानं, हप्ते माझे, सहा वर्षं, एक चुकला नाही. सही करताना म्हटलं, वाचू का जरा? तर म्हणतो, घरच्या माणसावर विश्वास नाही का? मिटला विषय. हॉस्पिटलात तीन हजारांची खोली मिळाली, बिनखिडकीची. हिला कोंडल्यासारखं होतं हो, पहिल्यापासून. समोरच खिडकीची होती, सहा हजारांची. म्हटलं, वरचे तीन आपण भरू, त्यात काय! — तुम्हालाही तसंच वाटलं ना? तर तसं नसतं. भाडं दुप्पट, म्हणून डॉक्टरांची फी निम्मीच मिळणार, ऑपरेशन थिएटरचे निम्मे, नर्सचे निम्मे. डॉक्टर तेच, सुरी तीच, गुडघा तोच!

पण कंपनी परकी, तिचं काय घेऊन बसलात? साडू भेटायला आला होता, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्याच खिडकीशी खुर्ची ओढून बसला, मी चिरलेलं सफरचंद खाल्लं, 'वा, उजेड छान आहे' म्हणाला. त्याला ही ओळ ठाऊक होती! एक शब्द बोलला असता, तर तासाभरात खोली बदलली असती. नंतर जाब विचारला, तर म्हणतो, 'ताई इतक्या खुशीत होत्या, हिरमोड करवेना.' केसानं गळा कापतात म्हणतात, ते हेच.

दुसरा गुडघा? राहिलाय ना. त्याचेच पैसे ह्यात गेले. हिला? छे, हिला कुठं सांगितलंय! डॉक्टरच थांबा म्हणाले, असं सांगून ठेवलंय. रोज एकेक पायरी करत जिना उतरते, आणि भेटेल त्याला सांगते — ह्यांनी खिडकीची खोली घेतली म्हणून मी लवकर उठले. इतकी खुशीत असते हो, हिरमोड करवत नाही मला...

असे काय बघताय? कागदाकडे बघा. — थांबा. आली वाटतं. कागद द्या तो. द्या म्हणतो ना! — काही नाही गं, ह्यांचा नंबर तपासतोय. सावकाश, कठडा धर.

झालं तुमचं. गुरुवारी या.