निळ्या वायरची दोन टोकं

—या, या, चपला राहू द्या! नेटची पेटी इथेच, माझ्या टेबलाखाली, तुम्हीच तर बसवलीत — वाका जपून, मागच्या वेळी डोकं आपटलं होतं तुमचं. बघा, दिवे कसे सगळे एकदम लुकलुकताहेत, वेड लागल्यासारखे! सकाळी नऊपासून हे असं. आत डॉक्टरीणबाई एक्स-रे पडद्यावर येईना म्हणून माझ्या नावाने शंख करताहेत, खुर्चीतले आजोबा अर्धा तास 'आ' करून बसलेत, आणि मी इथे हसतेय — हसत नाहीये हो, तोंडच तसं आहे माझं. पाणी देऊ? नको? बरं.

एक नंबरात बाहेरून आलेली वायर, दोनमध्ये माझा कॉम्प्युटर, तीनमध्ये एक्स-रेचा, चारमध्ये प्रिंटर, आणि खट्ट आवाज आला की बसली समजायचं — पाठ आहे सगळं! तुम्ही एकदाच सांगितलंत. वहिनी म्हणते, सख्ख्या भाच्याचा वाढदिवस विसरतेस, आणि त्या माणसाची वायरन् वायर बरी लक्षात राहते! वहिनीचं काय, तिला जिथेतिथे तेच दिसतं — म्हणजे, तसलं काही नाही हं. टॉर्च धरू का?

काय म्हणालात, पाच आणि सहा? एकाच निळ्या वायरची दोन्ही टोकं? अगंबाई! कुणी घातली असतील? झाडणाऱ्या मावशींनीच, त्यांना लोंबकळतं काही बघवत नाही — छे, मावशी परवापासून गावाला गेल्यात. डॉक्टरीणबाई? त्या कशाला वाकतील, कंबर धरलीय त्यांची. असं बघू नका माझ्याकडे! मी कशाला घालीन? तुम्हीच नाही का बजावलंत, रिकाम्या जागी काहीही जोडा, पण एकाच वायरची दोन्ही टोकं ह्याच पेटीत खुपसू नका, आलेला निरोप आतच गरगर फिरत बसतो आणि सगळं ठप्प होतं — शब्दन् शब्द आठवतोय मला...

झालं. बोलून बसले ना! हो, मीच घातली. नऊ वाजता, खाली मांडी घालून, खट्ट, खट्ट. मग काय करू? मागच्या आठवड्यात जाता जाता म्हणालात, सोमवारपासून मला दुसरा भाग दिलाय, इथे दुसरं कुणीतरी येईल — आणि गेलात की सरळ! आज शनिवार. पाच दिवस वाट बघितली, ही मेली पेटी एकदासुद्धा बिघडेना. इतकं चांगलं काम करायचं कशाला माणसानं? तुमच्याच नंबरावर फोन करून काय सांगू, सगळं नीट चाललंय, या? बेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि हे उद्योग! लाज वाटायला हवी — पण खरं सांगू, अजिबात वाटत नाहीये, तुम्ही दारात दिसलात आणि आनंदच झाला. आवडता तुम्ही मला. घ्या, सांगून टाकलं.

काढा ती वायर आता, आजोबांचा जबडा दुखत असेल. — आले, आले दिवे ताळ्यावर! आतून आवाजसुद्धा आला, दिसला म्हणे एक्स-रे. वायर किती नीट गुंडाळताय! अहो, खिशात कुठे घालताय, दवाखान्याची आहे ती! काय? उद्या आणून देता? उद्या रविवार, दवाखाना बंद असतो — माहीत आहे तुम्हाला? मग... घरी? थांबा, पत्ता लिहून देते — हा घ्या. वहिनी असेल घरी, आधीच सांगते. आणि आता जा! जा म्हणते ना, आजोबा दारातून बघताहेत!