दोनची टोपी तीनवर

हॅलो?… हॅलो, कोण?… थांबा, थांबा जरा, हात ग्रीसनं भरेल हायेत, फोन खांद्यात धरतो… हं, बोला.

… नाई व बाई, रेडिओ नाई. म्याच गाऊन राह्यलो होतो… हास, हास. पण ते गाणं नोहे, इंजिनाचा पाढा होय. आमच्या उस्तादाची बायको, आशाकाकू, पस्तीस-छत्तीस वर्षांमागं खामगावच्या गॅरेजच्या मागच्या दारात ज्वारी पाखडता पाखडता म्हणत जाये. अजून तसाच येते कानात तो आवाज. जरासा चिरकेल, पण गोड. ‘पयल्या घरी दिवा लागे, तिसऱ्या घरी सून जागे, चौथ्या घरी जातं घुमे, दुसऱ्या घरी बाळ झोपे…’ हाव, एक, तीन, चार, दोन! चार सिलिंडर त्या क्रमानं पेटतात. आम्हा दोघा पोट्ट्यायच्या डोक्यात काही केल्या बसे ना, म्हून तिनं ओवीच बांधली.

… दोघं म्हणजे मी अन्… पण तू कोण हायेस बाई?

… शाइस्ता?… कोणती शाइस्ता?

… कय्यूमची?… जळगाव जामोदच्या कय्यूम मिस्त्रीची पोरगी?

… नाई, नाई, फोन नाई कटला. हाय म्या. खाली बसलो जरा… रुख्मिणे! अवं पाणी आण… काही नाई झालं मले, तू पाणी आण… बायको हाय माही. दारात उभी राहून डोळे वटारून राह्यली.

… हाव, ते फोटो म्याच धाडले. एस.टी.च्या एका ड्रायव्हरनं तुमच्या दुकानाच्या पाटीवरून नंबर लिहून आणला होता. तीन हप्ते झाले, जवाब नाई. म्हटलं, पाह्यले असतीन अन् पुसून टाकले असतीन…

… रोज?… रोज पाह्यते तो?… बोटानं मोठे करू करू?

… काही नाई. पाणी पिऊन राह्यलो.

… हाव, तेच गाडी. जिनिंगवाल्या शेठची. दोन सीटची, विलायती, वरून उघडी. आता लाल नाई राह्यली बेटा, गंजाच्या रंगाची झाली. तेहतीस वर्ष शेडात उभी. शेठचा नातू म्हणे, मिस्त्री, घेऊन जा, जागा अडून राह्यली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून मेहकरले आणली. गल्लीतले लोक म्हणे, गोपालभाऊ रिटायर झाले अन् नवरी आणली!… चाक बी नव्हतं धड. चाकाच्या जागी विटा.

… चुका? मोजू नको व, मले लाज वाटते… बरं, आयक. पयल्याच दिवशी घाईघाईनं सगळं खोललं अन् सगळे नटबोल्ट एका पातेल्यात. ते पातेलं पुरणाचं… हे आली पाय, आयकून राह्यली, हाव, तुहं पातेलं, नवीन आणून देईन… तर सात दिवस निवडत बसलो, तांदळातले खडे निवडावं तसं. मंग अकल आली. आता पापडाचे डबे आणले अन् डब्यावर कागद चिकटवले, कोणत्या जागचे कोणते. मंग पिस्टनच्या रिंगा. वरची खाली गेली, खालची वर. काढाले गेलो त एक तुटली. तुटली तवा हाताले समजलं का ते किती फाकवा अन् कुठं थांबा. एस.टी.च्या वर्कशॉपात बसचे इंजिन उचलले म्या जिंदगीभर! अन् हे एवढंसं लेकरू मले शिकवून राह्यलं.

… तिसरी?… तिसरी राहू दे.

… अब्बू विचारून राह्यले?… बाजूलेच बसेल हाय काय तो?… काय विचारते?

… टोप्या?

… टोप्या कोणत्या क्रमानं निघाल्या, असं विचारते?

… हं… हाव, आयकू आलं. आयकू आलं व… तुले तरी समजते काय, टोपी म्हणजे काय ते?… नाई ना. मंग पयले तुले सांगतो. त्याले म्हणा, दम धर.

आयक. पिस्टनच्या खाली दांडा असते. दांड्याचं खालचं टोक क्रँकले धरते, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या कण्याले. ते पकड दोन अर्ध्यायची. वरचा अर्धा दांड्यातच, खालचा वेगळा, नटबोल्टानं आवळाचा. त्या खालच्या अर्ध्याले आम्ही टोपी म्हणतो. चार दांडे, चार टोप्या. दिसाले सगळ्या सारख्या. पण कसं हाय, भाकर मधून मोडली, त तो तुकडा त्याच भाकरीले जुळते, दुसरीले नाई. तसंच हे. आपली टोपी सोडून दुसरी बसवली, त कणा जखडते.

… सांगतो, सांगतो. यंदा खंडेनवमीले काय झालं, ते आयक. आपण हत्यारं पुजतो ना? पाने, हातोडी, अन् जे काम हाती हाय ते बी. तेलकट वस्तू देवापुढं कशी ठेवा? म्या टोप्या धुतल्या. रॉकेलनं, मंग साबणानं. खडूनं आकडे टाकेल होते, एक-दोन-तीन-चार, ते गेले नालीत. पाटावर ओळीनं मांडल्या, हळदकुंकू, एकेक झेंडूचं फूल. अशा चमकल्या, नव्या नवरीच्या जोडव्यावानी!… आकडे? म्हटलं, ध्यानात हाय माह्या. डाव्या हाताकडून एक, दोन, तीन. अन् आरती झाल्यावर पाट उचलून ठेवला त तो फिरला का नाई फिरला, डावं तेच डावं का उजवं झालं, काहीच आठवे ना… हास, तू बी हास. रुख्मिणी दोन दिवस हासली.

… कोणाले विचारणार? अन् विचाराची लाज. बसवल्या अंदाजानं. क्रँक फिरवून पाह्यला त जड. म्हटलं, नवीन बेरिंग हाय, चालून चालून मोकळं होईन. पान्याले लोखंडी पाइप लावला, लांब, दोन्ही हातानं धरला… अन् थांबलो.

… काऊन म्हणजे?… मागं एकदा थांबलो नव्हतो, म्हून.

… ते जाऊ दे. मंग सगळं पुन्हा खोललं. एकेक टोपी एकेका दांड्यावर. बसव, आवळ, फिरव, उकल. बसव, आवळ, फिरव, उकल. नऊ दिवस. जोडावर नख फिरवाचं, नख अडकलं त ते टोपी त्या घरची नाई. नवव्या दिवशी चारही आपापल्या घरी गेल्या. काय सांगू तुले! रुख्मिणीले म्हटलं, फिरव. तिनं एका हातानं क्रँक फिरवला, त बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज… अन् आता पंचानं ठिपके ठोकले पोलादावर. एकाले एक, दोनले दोन. आता आंघोळ घाला का उटणं लावा, जात नाई.

… हाव, सगळं बसलं. हेड बसलं, चेन बसली. फक्त पेटवाचं राह्यलं. अन् ते मले एकट्यानं नाई होत शाइस्ता. तुह्या अब्बूचा कान पाह्यजे. पेचकसाचं टोक इंजिनाले अन् मूठ कानाले लावून तो सांगे, तिसऱ्या घरात कुरकुर हाय. तसा कान म्या पुन्हा पाह्यला नाई. त्याले म्हणा, रविवारी ये. खामगावले गाडी बदल. रुख्मिणी कळण्याची भाकर करते, मिरच्यायचा ठेचा…

… काय?

… गाडीच्या इंजिनाले हातच लावत नाई?… म्हणजे कधीपासून?… तुह्या जन्माच्या आधीपासून?

… फवारणीचे पंप अन् शिलाई मशिनी… ते पाटीवर वाचलं, पण म्हटलं धंदा तसा असन… कोण म्हणते? त्याच्या हाताले यश नाई, असं कोण म्हणते?

… तोच म्हणते?

… हळू बोल, समजलं मले. म्हणजे त्याले अजून वाटते, का नट त्यानं जास्त आवळले. म्हून इंजिन जाम झालं. म्हून उस्तादाचं नाव गेलं… तेहतीस वर्ष त्याले हेच वाटून राह्यलं?

… नाई, रडून नाई राह्यलो. डोळ्यात ग्रीस गेलं.

… तुले काय काय सांगेल हाय त्यानं?… एवढंच?… हाव, दसऱ्याचाच दिवस. शेठले सीमोल्लंघनाले तेच गाडी पाह्यजे होती. आम्ही रात्रंदिवस एक करून इंजिन बांधलं. गावाबाहेर तीन मैलावर गेली अन् चालता चालता अशी थांबली, जशी कोणी मागून धरली. सोनं वाटाले निघेल लोकं, सगळे पाहून राह्यले. उस्ताद शेषराव मिस्त्री, खामगावात ज्याच्या हातचं इंजिन कधी वापस आलं नाई, तो मान खाली घालून उभा… हाव. उस्तादानं कय्यूमले हाकललं नाई. पण पुन्हा त्याच्या हातात पाना देला नाई. आठव्या दिवशी कय्यूम पेटी उचलून गेला. मले सांगून बी नाई गेला.

… क्रम विचारून राह्यला ना तो?… क्रमाचं… सांगतो ना. पण रविवारी सांगतो. समोरासमोर. फोनवर कसं…

… काय म्हणते?… क्रम सांगल्याबिगर येत नाई म्हणते?

… शाइस्ता. बेटा, एक काम कर. फोन त्याले दे… मले माहीत हाय तो बोलणार नाई. नको बोलू दे. कानाले लाव फक्त.

…

… कय्यूम?

… हाव बे. गोप्या.

… तुहा आवाज लय जाड झाला… माहा बी झाला असन. दात तीन गेले… नाई, खालचे… तब्येत बरी हाय. बीपीची गोळी हाय एक. तुले?… साखर? मंग च्यात कमी टाकत जा बे, तू त तीन-तीन चमचे टाके…

… हाव.

… हाव, विचारलं तिनं. म्या आयकलं.

… येशीन?… पण कशाची माफी?… कोणाले?… उस्ताद नाईत म्हून मले मागशीन?… गाडीसमोर उभा राहून?… थांब. थांब बे कय्यूम. बोलू नको. एक मिनिट काहीच बोलू नको. माफी मागाले त बिलकुल नको येऊ. माह्या अंगणात तू माफी मागितली, त म्या कुठं तोंड दाखवू?

… सांगून राह्यलो ना! सांगून राह्यलो. रुख्मिणे, तू आत जा… बरं, नको जाऊ. तू बी आयक.

कय्यूम, म्या ते इंजिन तेहतीस वर्षांनी खोललं. एक अन् चार साबूत. दोन अन् तीनचं बेरिंग जळून निळं पडेल. दोनच्या दांड्यावर तीनची टोपी होती. तीनवर दोनची. जोडावर नख अडके. अदलाबदल करून पाह्यल्या, त दोन्ही बसल्या, जशा कधी हालल्याच नव्हत्या.

… नाई. मधात कोणी खोललं नव्हतं. शेठनं तसंच झाकून ठेवलं.

… थांब, पुढं हाय.

त्या खंडेनवमीले तू पिंपळगाव राजाले गेलता. तुह्या अख्तरी आपाची मंगनी होती. दिवसभर गॅरेजात म्याच होतो. पूजेची मांडामांड म्याच केली. टोप्या म्याच धुतल्या. खडूचे आकडे माह्या हातानं पुसले गेले, कय्यूम. मले वाटलं, ध्यानात हाय. तू संध्याकाळी आला, हातपाय धुतले, पाना घेतला अन् मले म्हणे, दे. म्या एकेक टोपी तुह्या हातात देत गेलो. दोन म्हून तीन देली. तीन म्हून दोन. तू विचारलं बी होतं, ‘गोप्या, बराबर ना?’ म्या म्हटलं, हाव. अन् क्रँक जड लागला तवा तू म्हणे, खोलू का? म्याच म्हटलं, राहू दे, चालून मोकळा होईन.

… हाव. मले माहीत होतं. गाडी थांबली तवाच माहीत होतं. उस्तादानं विचारलं, नट कोणाच्या हातचे? तू म्हणे, माह्या. म्या बाजूले उभा होतो, हातात पुसाचा फडका. तोंड उघडलं नाई. मले भ्याव वाटलं का पाना माह्या हातून जाईन. मंग तुहा गेला.

तू आवळलं ते बराबर आवळलं होतं. तुह्या हातात काहीच खोट नव्हती. चुकीची टोपी म्या देली तुले.

…

… कय्यूम?

… हॅलो?

… हाव, हाय. हाय म्या इथीच.

… हाव.

… हाव, हरामखोर. ते बी हाव… ते बी. दे, अजून दे. उस्तादाच्या वाटच्या बी दे…

… उस्तादाले? नाई सांगलं. कधीच नाई सांगलं. जीव जाताना बी बाजूले बसेल होतो, तरी नाई… तुलेच पयले सांगून राह्यलो. तू बोल. काय बोलाचं ते बोल, दिवसभर बोल. म्या फोन ठेवत नाई…

… काय?

… ठेवू?

… कोणती बस?… साडेदहाची?… पण आज बुधवार हाय बे, रविवार कुठं…

… हाव. हाव, हात नाई लावत. तू येतपर्यंत एका नटाले बी हात नाई लावत. चावी रुख्मिणीजवळ देतो… हाव, तुहाच पेचकस आण… ठेवतो. ठेवतो बे, ठेवतो, चुकन तुही बस…