चौकोनी खाच

न्हाई, त्या ताटातले खडे बघूच नको पोरी, काच हाय सगळी — क्लासच्या पोरांचं अभ्यासात मन लागावं म्हणून आईबाप घेऊन राहिलेत, मी इकून राहिलो. किळस येती. खरा स्फटिक सहा अंगाचा, पर सहाही अंगं सारखी कधीच नसतात — एक रुंद, एक चिंचोळं, वर आडव्या बारीक रेघा. लोक म्हणतात, मन्मथआप्पा, घासून चमकवून द्या. घासला की वळखच गेली त्याची. शी.

दाखव तुझा दगड. हां, हिरीतला. शिरूर अनंतपाळ? बाप हिरी खोदायचा — नरसिंग? न्हाई बा, लई लोक येतात हितं, कुणाकुणाला ध्यानात ठेवू. वारला? कधी? ...बरं. हिरेवाला म्हणून गाव चिडवायचं का त्याला, मरेपर्यंत? अन् तुला इतकंच पाहिजे, बापाला खरंच काही घावलं व्हतं का न्हाई.

घावलं व्हतं. हे बारके खडे बघ — चार अंगं, वर निमुळतं टोक. स्फटिक न्हाई हा, काच तर न्हाईच न्हाई. अन् मधी ही खाच रिकामी. हीच घाण खोड आपल्या लोकांची — पहारीनं मोठा खडा उपटायचा, दगड बांधावर फेकायचा. खाच चौकोनी, म्हणजे खडा बी चौकोनी, अंगठ्याएवढा, हिरवट, टोकाला पहार लागून टवका उडालेला —

काय बघतीस अशी? खाचेवरून रंग कळतो का? न्हाई कळत. टवका बी न्हाई कळत.

काच हाय म्हणलो मी तुझ्या बापाला. 'आप्पा, दगडातून काच कशी निघंल?' म्हणला — बरोबर बोलला तो, अन् मी हसलो. टाकून जा हितंच म्हणलो. गेला टाकून. इकला न्हाई मी, ह्या गल्ल्यामागं देवाच्या फोटूपाशी ठेवलाय. रोज उदबत्ती लावताना दिसतो, अन् रोज माझीच शिसारी येती मला.

हा घे. बसव खाचेत. जरा फिरव — हां. बसला.

गावात सगळ्यांना दाखव. माझं नाव सांगू नको म्हणायला तोंड न्हाई मला. अन् जा आता पोरी, शटर वढायचंय. हाव, बारा बी वाजले न्हाईत. तरी वढतो. जा.