मारोतीच्या दिव्यात पराटीचं तेल

चहा घ्या, पण हे आधी ऐका.

माही पोरगी पल्लवी कॉलेजात संशोधन करते. कापूस वेचून झाल्यावर आपण वावरात पराटी पेटवून देतो नं? तिनं त्या वाळक्या काड्या पोतंभर नेल्या, अन् मागच्या शनिवारी बोटाएवढ्या कुपीत पिवळं तेल घेऊन आली.

माहे वडील, आबा, हसले. "पराटीत तेल? तेल सरकीत असते, माय."

"आबा, काड्यांची साखर केली अन् बारीक बुरशीले खाऊ घातली. एक एक जीव डोळ्याले दिसत नाही, पण खाऊन खाऊन लठ्ठ होते. तिच्या अंगातलं तेल आहे हे."

"म्हणजे बोकडावानी चरबी चढली?"

"हाव!"

जरा वेळानं पाहतो त आबाही नाही अन् कुपीही नाही. आबांची जन्मभर तेलघाणी. नव्या घाणीचं पहिलं तेल मारोतीले, हा त्यांचा नेम.

पल्लवी ओरडली, "बाबा, तेवढंच होतं! सोमवारी तपासायले द्याचं होतं!"

आम्ही देवळात पळत गेलो. दिवा लागलेला होता, समोर आबा अन् रिकामी कुपी. ज्योत सरळ, धुराचं नाव नाही. भांडायले आलेली पोरगी पाहतच राह्यली अन् तिचे हात आपोआप जुळले.

आबांची नजर ज्योतीवरून हटेना. म्हणाले, "जन्मभर पराटी जाळली, माय. धुरानं डोळे चोळत राह्यलो, अन् हा उजेड तिच्यातच होता."