आतून लागणारी कडी

काय सांगू तुम्हाला, माझा जन्म अंबरनाथ पूर्वेचा, चाळीतला. बाप केमिकल कंपनीत हेल्पर, पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात पुढच्या रांगेत बसायचा आणि घरी आला की दारू पिऊन आईला पट्ट्याने मारायचा. तो पिऊन घरात शिरला की आई मला बाहेर ढकलायची आणि आतून कडी लावायची, का तर मार माझ्यापर्यंत यायला नको. मी पायरीवर बसून ऐकायचे. कडी बघितली की अजून ती पायरी आठवते, आणि नशिबी धंदा बघा कसला आला, दारं-खिडक्या बनवायचा.

मामाचं उल्हासनगरला फॅब्रिकेशनचं दुकान, तिथे वेल्डिंग शिकले. बाजूचा सिंधी शेठ हसायचा, लडकी होके चिंगारी से खेलती है. मामा गेल्यावर दुकान मीच चालवते. आमची एक पद्धत आहे, कागदावर भरवसा ठेवायचा नाही, जागेवरच खडूने पूर्ण मापात भिंती आखायच्या, दार आखायचं आणि गिऱ्हाइकाला त्यात चालायला लावायचं. माणूस चालला की त्याला काय पाहिजे ते कळतं, तोंडाने तो भलतंच सांगतो.

तर बदलापूरला जांभूळच्या रस्त्यावर साहेबांची शेड. साहेब म्हणजे कंपनीतले रिटायर ऑफिसर, भंगारातल्या लोखंडाचे पुतळे करतात. त्यांना तिथे एक स्टुडिओ स्वतःचा, एक त्यांनी आसरा दिलेल्या सरिताचा आणि मध्ये गॅलरी काढायची होती, आणि सगळं दोघांच्या कामातून सुचलेलं पाहिजे म्हणाले. साहेबांचं सोपं होतं, त्यांच्या पुतळ्यांवर हातोडीचे ठोके दिसतात, तसाच ठोकलेला पत्रा गॅलरीच्या भिंतींना लावला. सरिता चित्रं काढते, नवऱ्याला सोडून आलेली. तिच्या प्रत्येक चित्रात दार, अर्धं उघडं, आणि एकाही दाराला कडी नाही. साहेब खूश. म्हणाले बघ कुंदा, काय मोकळेपणा आहे, आपण पण कुठेच कडी लावायची नाही. मी म्हटलं तिला विचारा तरी. तर म्हणे चित्र विचारायचं नसतं, बघायचं असतं.

मी तिला खडूच्या स्टुडिओत उभी केली. नुसत्या रेषा त्या, पण ती दाराकडे पाठ करेना. चित्र कुठे उभं करणार विचारलं, तरी भिंतीला टेकून दाराच्या रेषेकडेच बघत होती. मग सांगितलं, नवऱ्याने घरातल्या सगळ्या कड्या उपटून काढल्या होत्या, बाथरूमची पण.

"मोकळेपणा नाय तो, ताई. तो कधी पण आत यायचा."

मी जाड पत्र्याचं दार केलं आणि आतून सळईची कडी. साहेबांचं तोंड वाकडं झालं, सगळी डिझाईन बिघडवलीस म्हणाले, पण लावू दिली.

उद्घाटनाच्या सकाळी तिचा नवरा आला, हातात हा एवढा पाना. आधी चित्रं फाडली. साहेब मध्ये पडले तर त्यांच्या खांद्यावर पाना घातला, म्हातारा माणूस, जागेवर कोसळला. सरिता स्टुडिओत पळाली, कडी बसल्याचा आवाज मी ऐकला आणि दारासमोर आडवी उभी राहिले. त्याने माझ्या कोपरावर हाणला, हाड मोडलं ते मला ऐकू आलं, मग केस धरून डोकं पत्र्यावर आपटलं, रक्ताने डोळे भरले. मला बाजूला फेकून तो दारावर घालत राहिला, घालत राहिला, शिव्या देत. दार चेपलं, कडी नाही हलली. खोटं नाही सांगत, रक्तात पडून मला बरं वाटत होतं. लहानपणापासून मी बाहेर आणि मार आत, त्या दिवशी सगळा मार बाहेर होता. मग बाजूच्या कंपनीतले कामगार धावत आले, त्यांनी त्याला तुडवला. मी थांबवलं नाही.

तो जेलात आहे, कधी सुटेल देव जाणे. माझा हात सरळ होत नाही, ग्राइंडर डाव्या हाताने धरते. साहेब बरे झाल्यावर म्हणाले, ते चेपलेलं दार काढून गॅलरीत लावू, असं शिल्प मला जन्मात जमणार नाही, कुंदा तिला नवीन करून देईल. सरिता म्हणाली,

"दार आहे ते साहेब. मला लागतं."

साहेबांनी दार तिथेच ठेवलं. आता ते दार वाजवतात आणि ती उघडेपर्यंत बाहेर थांबतात. ती दाराकडे पाठ करून रंगवते, मी गजाच्या खिडकीतून बघितलंय. आई असती तर तिला पण अशीच कडी करून दिली असती, बाप बाहेर आणि आम्ही दोघी आत. ती काय आता राहिली नाही. ज्या बाईला पाहिजे तिला मिळो, एवढंच.